चौदा तारांची नक्कल

फिलिपिनो लोकांचं स्वतःचं असं आहे काय? देशाचं नाव स्पेनच्या राजाचं, इंग्रजी अमेरिकेची, धर्म रोमचा, आणि गाणी तर सगळीच दुसऱ्यांची. नकलाकार लोक हो! गातात छान, पण नक्कल.

आखातात नऊ वर्षं काढली त्यात हे मी आपल्याच माणसांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की आता पुण्यात परत येऊन बसलो तरी ते पाठ सोडत नाही. बोलणारे दुष्ट नसतात. शिकलेले असतात, सवाई गंधर्वला रात्र रात्र बसतात, फिलिपिनो नर्सने आईची किती सेवा केली ते डोळ्यांत पाणी आणून सांगतात. आणि मग हॉटेलातला बँड सुरू झाला की हसून म्हणतात, बघा, हुबेहूब! त्या ‘हुबेहूब’मध्ये जे काही भरलेलं असतं ना, त्याच्याशी माझं भांडण आहे.

आता गंमत बघा. ज्या मामांनी मला हे ऐकवलं (मामा, वाचताय ना? रागावू नका, की रागवा, पण शेवटपर्यंत वाचा) त्याच मामांनी त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक निरोप पुढे ढकलला. फिलिपाईन्समध्ये ‘कुडयापी’ नावाचं तंतुवाद्य आहे, ती म्हणजे आपल्या सरस्वतीची कच्छपी वीणा, तेव्हा अख्खा पूर्व आशिया मूळचा आपलाच, गर्व से वगैरे वगैरे. खाली सोळा जणांनी हात जोडलेले.

म्हणजे हिशेब असा झाला. त्यांच्या वाद्याचं नाव स्पॅनिश निघालं तर ती नक्कल, आणि संस्कृत निघालं तर ते आपलं. दोन्हीकडून त्या बिचाऱ्यांच्या हातात उरलं काय? शून्य. ज्याने लाकूड कोरलं, तार ताणली, बोटं झिजवली, त्याचा या हिशेबात कुठे पत्ताच नाही.

पहिला भाग आधी घेऊ, नकलेचा. त्यासाठी एक छोटंसं वाद्य पुरेल. नाव बांदुरिया. नासपतीच्या आकाराची पेटी, पाठ सपाट, मान आखूड, मांडीवर सहज मावेल एवढं. नखीने वाजवतात. स्पॅनिश आहे का? आहे. लपवायचं काय त्यात? १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेन तिथे बसला होता, आणि चर्च, शाळा, मिरवणुका, लग्नं या सगळ्यांबरोबर ही वाद्यंही आली. बांदुरिया, लाऊद, ओक्तावीना, गिटार आणि खर्जासाठी एक भलामोठा बाहो. या तंतुवाद्यांचा जो ताफा असतो त्याला आज तिकडे रोंडाल्या म्हणतात. तोही शब्द स्पॅनिशच.

पण स्पेनमधली बांदुरिया बारा तारांची असते, सहा जोड्या. फिलिपिनो बांदुरियाला चौदा तारा. सर्वात खालच्या सुराला एकच तार, त्यावरच्या दोन सुरांना दोन-दोन, आणि वरच्या तीन सुरांना तीन-तीन. करा बेरीज. शिवाय जुळणी स्पॅनिश बांदुरियापेक्षा एक स्वर खाली. आता तुम्ही म्हणाल, दोन तारा वाढवल्या तर एवढं काय मोठं? ज्याने कधी तानपुरा जुळवलाय त्याला विचारा दोन तारांनी काय होतं ते. एका सुराला तीन तारा लावल्या की त्या कधीच अगदी तंतोतंत एक होत नाहीत. केसाएवढा फरक राहतो, आणि त्या फरकातून एक थरथर, एक झळाळी येते. त्यात बांदुरियाचा आवाज छेडल्यावर लगेच विरतो, म्हणून लांब सूर धरायचा तर नखी खालीवर इतकी भरभर फिरवतात की स्वतंत्र ठोके ऐकूच येत नाहीत. वीस जण मिळून हे करतात तेव्हा जो नाद उठतो तो कोकणातल्या मंगलोरी कौलांवर पहिला जोराचा पाऊस सुरू होतो तसा. नकलेतून असला नाद निघत नाही. कुणीतरी बसून, कान लावून, ‘नाही, अजून एक तार हवी’ असं म्हटल्याशिवाय निघत नाही.

आणि तो ताफा वाजवतो काय? टिनिकलिंग नावाचा नाच बऱ्याच जणांनी पाहिला असेल, दोन माणसं बांबू आपटतात आणि नाचणारे मधून पाय काढतात. टिकलिंग नावाच्या पक्ष्याच्या चालीवरून तो आलाय. त्याच्या मागे रोंडाल्या असते. हे गावोगावचे नाच फ्रान्सिस्का रेयेस अकिनो नावाच्या बाईंनी १९२० च्या दशकापासून हिंडून गोळा केले, लिहून काढले, शाळांमध्ये नेले. त्यांना १९६२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे मॅगसेसे म्हटलं की विनोबा आणि बाबा आमटे आठवतात, आणि ते आठवायलाच हवेत. पण हा पुरस्कार ज्या देशाचा त्या देशातल्या कुणाला तो कशासाठी मिळाला, हे शोधायची आपल्याला कधी गरज वाटली नाही. पुढे १९५७ साली बायानिहान ही नृत्यसंस्था निघाली, दुसऱ्याच वर्षी ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात नाचून आली, आणि तिच्याबरोबर रोंडाल्याचा तो नादही जगभर गेला. आज अमेरिकेतल्या फिलिपिनो वस्त्यांमध्ये आईबाप मुलांना रविवारी रोंडाल्या शिकायला पाठवतात, आपले पाठवतात ना तबल्याला आणि भरतनाट्यमला, तसेच. मुलं कुरकुरत जातात, तीही आपल्यासारखीच.

माझ्या ऑफिसात एक हिशेबनीस बाई होत्या, माकतान बेटावरच्या. (तेच बेट जिथे १५२१ साली लापुलापुच्या माणसांनी मॅगेलनला मारलं. जगप्रदक्षिणेचा धडा आपण शाळेत शिकलो, पण मारणाऱ्याचं नाव धड्यात नव्हतं.) तिथे लापुलापु शहरात घरोघर गिटार, बांदुरिया, युकुलेली बनतात. या बाईंचे काका कारागीर. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, लाकूड कुठलं वापरतात? म्हणाल्या, लांगका. लांगका म्हणजे काय ते समजेना, तेव्हा त्यांनी हाताने केवढं फळ असतं ते दाखवलं, वर काटे, आत पिवळे गरे. फणस! मी उडालोच. आमच्या आजोळच्या परड्यात फणसाची सात झाडं, आणि त्यांच्या काकांच्या अंगणात फणसाच्या फळ्या वाळत घातलेल्या. मी म्हटलं, आमच्याकडे दक्षिणेतली वीणा फणसाच्या लाकडाची करतात. त्यांनी मान डोलावली आणि अगदी साधेपणाने विचारलं, “मग ती चांगली वाजत असेल.” झालं. ‘मग ती आमचीच’ असं काही त्यांच्या मनातही आलं नाही. मला मात्र लगेच मामांचा ग्रुप आठवला.

युकुलेलीचं नाव निघालंच आहे तर तिचीही गोष्ट बघा. ही चार तारांची चिमुकली गिटार सगळं जग हवाई बेटांची समजतं. मूळ कुठलं? पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचं. १८७९ च्या ऑगस्टमध्ये रेवन्सक्रॅग नावाचं जहाज मदेराहून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूला लागलं, त्यात तीन सुतार होते, त्यांनी आपलं गावाकडचं वाद्य तिथल्या लाकडात करायला घेतलं. राजा कालाकौआने ते उचलून धरलं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात अमेरिकेने ते ऐकलं आणि वेडी झाली. म्हणजे हवाईची युकुलेली जेमतेम दीडशे वर्षांची, आणि तिला कुणी पोर्तुगीजांची नक्कल म्हणत नाही. म्हणूही नये. मग तोच न्याय बांदुरियाला का नाही? मला तर एकच कारण दिसतं. युकुलेली अमेरिकेत खपली, बांदुरिया नाही खपली. बाजाराने शिक्का मारला की उसनं ते अस्सल होतं.

त्याच उसाच्या मळ्यांवर १९०६ साली पहिले पंधरा फिलिपिनो मजूर उतरले, त्यांना ‘सकादा’ म्हणत. त्यांच्यामागून हजारोंनी आले. आज हवाईतल्या मोठ्या समाजांपैकी फिलिपिनो समाज एक आहे, आणि तिथल्या घराघरांत युकुलेली आहे. आमच्या भाचरांना ब्रूनो मार्स पाठ असतो. तो होनोलुलूत जन्मला, त्याची आई फिलिपाईन्सची, आणि युकुलेली तो लहानपणापासून वाजवतो. हे सांगितलं तेव्हा भाची म्हणाली, “काहीतरीच काय मामा, तो तर अमेरिकन आहे!” म्हणजे गाजला की अमेरिकन, आणि हॉटेलात गायला की फिलिपिनो नकलाकार.

बरं, आता आपल्या घरात डोकावू. पेटी. संगीत नाटकांचा प्राण. गोविंदराव टेंब्यांचं नाव घेतलं की मंडळी कानाला हात लावतात. ही पेटी कुठली हो? युरोपातली. फ्रान्सकडून आली, कलकत्त्यात तिचा भाता मागे नेऊन ती जमिनीवर बसून वाजवण्याजोगी केली, आणि आपण तिला संवादिनी म्हणू लागलो. परकी म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केलं होतं, आणि ते १९७१ पर्यंत उघडलं नाही! तेव्हा ज्यांनी तिच्यासाठी भांडण केलं ते आपलेच आजोबे-पणजोबे. त्यांचा युक्तिवाद काय होता? की आमच्या बोटांखाली ती आमची झाली. अगदी बरोबर होता. मी तोच युक्तिवाद फिलिपाईन्ससाठी मागतोय, एवढंच.

पेटी फार सोवळी वाटत असेल तर रस्त्यावर या. गणपती विसर्जनाला, वरातीला, गोविंदाला जी बेंजो पार्टी लागते, तिच्यातला तो बेंजो. तारांवर टाईपरायटरसारखी बटणं. नाव अमेरिकन वाद्याचं, पण ते वाद्य तो नव्हेच. हा आपला बुलबुल तरंग, आणि तो जपानच्या नागोयात १९१२ साली मोरिता नावाच्या गृहस्थांनी शोधलेल्या ‘ताइशोगोतो’चा वंशज. तिकडे शांत घरगुती वाद्य म्हणून जन्मलं, इकडे ट्रकवर चढून स्पीकरला जोडलं गेलं आणि लालबागच्या गर्दीत पोरांना नाचवायला लागलं. जपानी शोध, अमेरिकन नाव, आणि वाजतं कुणाच्या बारशाला? आपल्या! याला नक्कल म्हणायची कुणाची छाती आहे का गिरगावात? मला तरी ते मारतील.

आता दुसरा भाग, ‘सगळं आपलंच’वाल्यांचा. कुडयापी हे नाव संस्कृत ‘कच्छपी’वरून आलं असं अभ्यासक मानतात, त्याबद्दल वाद नाही. इंडोनेशियात कचापी, कंबोडियात चापेई, सगळी एकाच शब्दाची भावंडं. तागालोग भाषेत गुरो म्हणजे शिक्षक, मुखा म्हणजे चेहरा, आसा म्हणजे आशा, दिवाता म्हणजे देवता. लागुना प्रांतात सापडलेला ताम्रपट तर शके ८२२ मधला, वैशाख वद्य चतुर्थीचा! वाचून माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण त्या ताम्रपटात लिहिलंय काय? एका माणसाचं सोन्याचं कर्ज फिटलं, आता त्याच्या वारसांकडे कुणी मागणी करू नये, असा तो मजकूर. तिथल्या गावांची, तिथल्या सरदारांची नावं घालून. पंचांग आपलं वापरलं म्हणून कर्जदार आपला झाला का?

आणि कुडयापीचं तर त्याहून पुढचं. मिंदानाओच्या मागिंदानाओ लोकांची कुडयापी हातभर नव्हे, माणसाच्या उंचीच्या जवळ जाणारी, होडीसारखी लांबोडकी. कासवाशी तिचा काडीचाही संबंध उरलेला नाही, फक्त नावात कासव. दोन तारा, एक सतत घुमणारी, दुसरीवर चाल. पडदे मधमाश्यांच्या मेणावर बसवलेले. ती वाजवणारे लोक मुसलमान आहेत. शेजारच्या त’बोली लोकांकडे तिचाच प्रकार आहे, त्याला ते हेगेलुंग म्हणतात, आणि ते मुसलमानही नाहीत, ख्रिश्चनही नव्हते. सरस्वती यातल्या कुणाच्याच ओळखीची नाही. शब्द समुद्रावरून गेला, कुणा व्यापाऱ्याच्या तोंडून, चार बंदरं करत. वाद्य मात्र त्यांनी त्यांच्या झाडातून काढलं. नावाच्या पावतीवर मालाची मालकी सांगणारे आपण, आपल्या ‘पगारा’वर उद्या पोर्तुगीज हक्क सांगायला आले तर काय करणार आहोत?

हा निरोप पुढे ढकलणाऱ्या सोळा जणांपैकी एकाने तरी सामाओन सुलायमान हे नाव ऐकलंय का? मागिंदानाओचे कुडयापीवादक. १९९३ साली फिलिपाईन्स सरकारने पहिल्यांदा लोककलावंतांना राष्ट्रीय ‘मानलिलिखा’ सन्मान दिला तेव्हा तिघांमध्ये हे एक होते. २०११ साली ते गेले. कुडयापीवर जीव लावायचाच असेल तर या माणसाचं वादन ऐकण्यात लावा. पण मग हात जोडण्यापलीकडे काहीतरी करावं लागतं, पाच-सात मिनिटं गप्प बसावं लागतं.

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो आपल्या मंडळींचा नाही, फिलिपिनोंचाच आहे. तिथलेही काही विद्वान म्हणतात की बांदुरिया, रोंडाल्या हे स्पेनच्या छायेतलं मैदानी ख्रिश्चन संगीत, खरं जुनं धन म्हणजे डोंगरातल्या घंटा, बांबू आणि मिंदानाओची कुडयापी; आणि शाळा-सरकारांनी रोंडाल्याचे लाड केले तेवढे त्यांचे केले नाहीत. होसे मासेदा या संगीतकार-संशोधकाने आयुष्यभर हिंडून ते जुनं संगीत ध्वनिमुद्रित केलं, २००७ साली त्यांच्या संग्रहाला युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटावर जागा मिळाली. हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. कुडयापीला उपेक्षा आली हे खरंच. पण त्याची शिक्षा बांदुरियाला कशाला? ज्या गावकऱ्यांनी तीनशे वर्षं परक्याच्या राज्यात त्याच्याच वाद्यावर आपली लग्नं लावली, सुगी साजरी केली, त्यांना ‘तुम्ही बाटलेले’ म्हणणं मला कठीण जातं. ‘बायान को’ हे गाणं बघा. कुंदिमान या त्यांच्या तंतुवाद्यांवरच्या आर्त गीतप्रकारातलं, अमेरिकन राजवटीत लिहिलेलं. मार्कोसने लष्करी कायदा लावला तेव्हा ते जाहीर म्हणायला बंदी होती. १९८६ मध्ये मनिलाच्या रस्त्यांवर लाखो लोकांनी ते म्हटलं आणि मार्कोसला पळावं लागलं. पोलीस नकलेला इतकं घाबरतात असं मी तरी ऐकलेलं नाही.

हे सगळं मला एवढं का झोंबतं, तर गोव्यामुळे. आमच्या आईचं माहेर तिकडचं. गोव्यातल्या ख्रिश्चन पोरांना चर्चच्या शाळेत व्हायोलिन, स्वरलिपी शिकवली जायची, फिलिपाईन्समध्ये झालं तसंच. मग ती मुंबईला आली, हॉटेलांत वाजवू लागली, आणि मुंबईने त्यांना ‘माकापाव’ म्हणून हिणवलं. साहेबाची नक्कल करणारे! आणि याच नकलाकारांनी आपली हिंदी सिनेमाची गाणी उभी केली. ‘अलबेला’ (१९५१) वर ज्यांचं लग्न जमलं अशी निम्मी मावशीमंडळी वाचतायत हे. अण्णा चितळकरांबरोबर त्यात चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रंपेटवाला होता. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, ही माणसं कागदावर सूर लिहून देत आणि पाटीवर नाव दुसऱ्याचं असे. अँथनी गोन्साल्विस हे नाव बहुतेकांना १९७७ च्या अमिताभच्या गाण्यामुळे माहीत, तो माणूस प्यारेलालचा व्हायोलिनचा गुरू होता हे नाही. मनिलाच्या हॉटेलवाल्या पोरांना हसताना आपण आपल्याच घरातल्या माणसांना दुसऱ्यांदा हसतो, हे दिसत कसं नाही?

असो. मामा, पुढच्या महिन्यात धाकट्याचं लग्न आहे आणि तुम्हीच बेंजो पार्टी ठरवली आहे असं कळलं. वरात निघायच्या आधी त्या बेंजोवाल्याजवळ जा आणि त्याला सांगा की तुझं वाद्य जपान्यांची नक्कल आहे. तो काय म्हणतो ते मला जसंच्या तसं कळवा.